उलट्या गिअरची लँगडेल

२ मार्च, रवि. मेहकर

शेडचं कुलूप काढलं. उंदरांनी मागच्या सीटचा काथ्या पुन्हा उपसलाय. बॅटरी मेलेली. चौदा एप्रिलला सहा आठवडे राहिले आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही उशीर केला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण वरून ओरड झाल्याशिवाय हात काही हलत नाही.

ओरडायला बाबा आहेतच. वय शहाऐंशी. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. "पह्यले टायरात हवा भर. उभ्या गाडीचे टायर सडतेत." हे वाक्य मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. भरली हवा.

५ मार्च, बुध.

पुण्याहून कुणा लिमयांचा फोन. जुन्या गाड्यांचं वेड असलेला गृहस्थ. माझ्या लेकीने, पल्लवीने, मागच्या जयंतीचा फोटो मोबाईलवर टाकला होता, तो फिरत फिरत यांच्यापर्यंत गेला. बोलताना त्यांना धाप लागत होती. लँगडेल कंपनी म्हणे इंग्लंडात महायुद्ध संपल्यावर निघाली आणि चार-पाच वर्षांत बुडाली. भारतात त्यांना ठाऊक असलेल्या दोनच. एक केरळात, तिच्यात इंजिन नाही. दुसरी आमची.

"खरातसाहेब, तुम्ही कशावर बसला आहात याची तुम्हाला कल्पना नाही!"

म्हटलं, चांगली कल्पना आहे, सीटची स्प्रिंग टोचते.

गाव तिला लंगडी म्हणतं, हे मात्र सांगितलं नाही. पाहुण्यासमोर घरच्या माणसाचं टोपणनाव घेऊ नये.

८ मार्च, शनि.

बाबांना फोनचं सांगितलं. खूश. मग डॉक्टरसाहेबांची गोष्ट पहिल्यापासून. डॉक्टरांनी गाडी मुंबईहून जुनी आणली. बाबा विसाव्या वर्षी तिच्यावर ड्रायव्हर लागले. डॉक्टर वारल्यावर डॉक्टरीणबाई नागपूरला लेकाकडे निघाल्या, तेव्हा किल्ली बाबांच्या हातात ठेवून गेल्या. आमच्या वस्तीतली पहिली चारचाकी. तोवर जयंतीला तसबीर बैलगाडीतून निघायची. पहिल्या वर्षी लँगडेल पेठेतून गेली तेव्हा एरवी खिडक्या लावून घेणारी माणसं माडीवर आली.

"गाडी पाह्याले आले बे. मंग तसबीर बी पाह्यलीच ना!"

हे सांगताना बाबा अजून पोट धरून हसतात. आणि मला अजून भरून येतं. साठी उलटली तरी येतं, त्याला काय करणार.

तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही. चालवणार बाबाच. मी आयुष्यभर एसटीचे गिअरबॉक्स उघडले, पण त्या दिवशी लँगडेलच्या स्टिअरिंगला हात लावायची माझी टाप नाही.

१५ मार्च, शनि.

लिमयांनी कंपनीच्या पुस्तकातली पानं पाठवली. चष्मा लावून बसलो. आणि काय बघतो! हिचा गिअर जमिनीवर नाही, स्टिअरिंगखाली आडवी दांडी आहे. पुस्तक म्हणतं, दांडी आपल्याकडे ओढून खाली केली की पहिला, वर केली की रिव्हर्स. आमच्या गाडीत वर पहिला आणि खाली रिव्हर्स. दुसरा-तिसराही तसाच अदलाबदल. आजवर आम्ही समजत होतो साहेबाच्या देशात असंच असतं.

खाली सरपटत गेलो. दांडीच्या टोकाला जो वीतभर लोखंडी तुकडा गिअरबॉक्सला जोडतो, तो उलटा बसवलाय. शेजारचं वेल्डिंग बाबांचं. लगेच ओळखू येतं, वारुळासारखं दिसतं.

१६ मार्च, रवि.

बाबांना विचारलं. त्यांना ठाऊक होतं!

लोणारच्या रस्त्यावर तो तुकडा निसटला होता. मागच्या सीटवर डॉक्टर आणि अडलेली बाई. "जसा बसला तसा बसवला. बाई कण्हून राह्यली मांगं, अन् मी सुलटा का उलटा पाहात बसू?"

"मग नंतर का नाही सुलटा केला?"

"चार दिसात हाताले सवय झाली. काऊन करू?"

बाईला मुलगी झाली म्हणे. "आता ते बी आजी झाली असन."

२२ मार्च, शनि.

लिमये मे अखेरीस येणार. देशातल्या जुन्या गाड्यांची एक वही करतायत, त्यात आपली नोंद. "मूळ रचनेत असली तर दुधात साखर!"

तेव्हापासून चैन नाही. पार्ट उलटा आहे हे कळूनही तसाच ठेवायचा, म्हणजे दातात बडीशेप अडकल्यासारखं. कुसुमला सांगितलं. बायको मेकॅनिकची असून तिचा प्रश्न साधा, "चालते ना? मंग कायले हात लावता?"

तिची काळजी वेगळीच. मागच्या जयंतीला वळणावर बाबांनी पानटपरीला गाडी घासली. समितीचा अध्यक्ष गौतम, आमचा शेजारीच, तोही संध्याकाळी तेच सांगून गेला. गर्दी वाढली, पुढे लेझीमच्या पोरी असतात, लेकरं मध्ये घुसतात. "दादा, यंदा तुम्हीच चालवा. आबाजीले तुम्ही समजावा."

बाबा गावाला आबाजी; त्यांच्याशी सगळ्यांच्या वतीने कटू बोलायला मीच.

२९ मार्च, शनि.

बोललो. बाबा, यंदा मी चालवतो, तुम्ही मागे तसबिरीजवळ बसा, मानाची जागा.

खांद्यावरचा टॉवेल चाचपला. मग, "बरं."

इतकंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

६ एप्रिल, रवि.

केलं. तुकडा काढला, सुलटा करून बसवला. भोकातला बुश झिजला होता, तो चिखलीहून लेथवर करून आणला. पैनगंगेच्या पुलापर्यंत फिरवून आलो. गिअर लोण्यासारखे पडतात. पुस्तकाबरहुकूम! चालवणार मीच, त्यामुळे गोंधळ झाला तर माझाच होईल.

बाबांना सांगितलं नाही. कळलं तर म्हणतील, होतं तसं करून ठेव. त्यांची दुपारची झोप बघूनच काम उरकलं. जयंती झाल्यावर सांगू.

लिमयांना फोटो मात्र लगेच पाठवला. त्यांनी अंगठा, फुलं, काय काय पाठवलं. मी अर्धा दिवस शीळ घालत होतो.

१४ एप्रिल, सोम. दुपारी ४



सकाळी आठला गाडी विहारासमोर. टप मागे पाडलेला, मागच्या सीटवर तसबीर, निळे झेंडे. सगळे पुढच्या बाजूला, दीपप्रज्वलन तिथे होतं. मी दहा पावलांवर, दोन्ही हातांत हार. बाबा पांढऱ्या कपड्यांत. मागे बसायला म्हणून गेले आणि बसले पुढे, स्टिअरिंगवर. मला वाटलं क्षणभर बसतायत, बसू दे. मी बघून हसलोसुद्धा.

त्यांनी किल्ली फिरवली. हॉर्न वाजवला, तो दरवर्षीचा, तीनदा. दांडी ओढून वर.

गाडी मागे गेली.

मठ्ठ्याचं टेबल गेलं, पातेलं गेलं, मागचा बंपर मांडवाच्या खांबाला लागला. तसबीर कलली, ती गौतमने झेप घेऊन धरली. मागे कुणी नव्हतं. कुणीही नव्हतं. हे मी आज शंभर वेळा स्वतःला सांगितलं आहे.

बाबांनी गाडी बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. "म्या पह्यला टाकला होता," इतकंच म्हणाले, तेही कुणाला नाही.

गौतम म्हणाला, "होते असं आबाजी. वय झालं आता." बाकीचेही तेच. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. बाबा उतरले, माझ्यापर्यंत चालत आले, किल्ली माझ्या हातावर ठेवली. हार होते हातात, त्यावरच ठेवली.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. शंभर माणसं बघत होती. नाही उघडलं.

मिरवणूक मी नेली. पेठेतून, चौकातून, परत विहारापर्यंत. एकही गिअर चुकला नाही.

१५ एप्रिल, मंगळ.

बंपरचा पोचा हातोडीने काढला. कुसुम म्हणते, "बरं झालं, कोनाले लागलं नाई अन् उतरले एकदाचे." सगळ्यांच्याच डोक्यावरचं ओझं उतरलंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझा तर बैल मागे चालत गेला.

१८ एप्रिल, शुक्र.

बाबा शेडकडे फिरकले नाहीत. खुर्ची दारात तशीच होती, मी आत घेतली.

सकाळी कुसुमला विचारत होते, "म्या सकायची गोयी घेतली का वं?" आजवर त्यांनी स्वतःच्या गोळीबद्दल कुणाला विचारलं नव्हतं.

२३ एप्रिल, बुध.

पहाटेचा चहा बाबा स्वतः करतात, आई होती तेव्हापासून. चार दिवस झाले, करत नाहीत. गॅसजवळ जाऊन उभे राहतात आणि परत येतात. "राह्यलं गिह्यलं सुरू तं?"

विहारात जाताना रस्ता ओलांडायला माझा दंड धरला. माझा! मला सायकलवर बसवून शाळेत सोडणाऱ्या माणसाने.

अर्ध्या रस्त्यात थांबून विचारलं, "तू तं समोरच होता. म्या दांडी वरच केली होती ना? तुले दिसलं का?"

म्हटलं, हारांमुळे दिसलं नाही.

एक खोटं चौदा तारखेचं, गप्प राहून. हे दुसरं, बोलून.

२७ एप्रिल, रवि.

लिमयांचा फोन. गिअर कसे पडतात? म्हटलं, बरोबर पडतात. "वा! तुमच्यासारखा कारागीर पुण्यातसुद्धा नाही." याच कौतुकासाठी जीव टाकत होतो. आता टायरांचं निमित्त काढून फोन ठेवला.

४ मे, रवि.

कुसुमला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबला. मग म्हणाली, "नका सांगू. सांगसान तं पुढच्या जयंतीले पुन्हा बसतीन. तवा मांगं कोनी असलं मंग?"

खरं आहे तिचं. माझ्या सोयीचंही आहे. दोन्ही एकदम असलं की मला भीती वाटते.

७ मे, बुध.

संध्याकाळी कुसुम आपणहून आली, मी अंघोळीला निघालो होतो. दुपारी बाबा जेवून उठले आणि अर्ध्या तासाने तिला विचारलं, मी जेवलो का? विसरले नव्हते, तिची खात्री आहे. तोंड धुतलेलं, सुपारी तोंडात. फक्त स्वतःवर भरवसा राहिला नाही, म्हणून विचारून घेतलं.

"सांगून द्या," म्हणाली. डोळ्यांत पाणी. "गाडी नाई चालवली तं नाई चालवली. पन हे नाई पाह्यवत."

८ मे, गुरु.

सांगितलं.

बाबांना शेडमध्ये नेलं. आधी नको म्हणत होते. स्टिअरिंगवर बसवलं, दांडीवर हात ठेवायला लावला आणि बोलून टाकलं. सहा एप्रिलला मी तुकडा सुलटा केला. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही पहिलाच टाकला होता. वर रिव्हर्स मी आणून ठेवला.

त्यांनी दांडी वर केली. खाली केली. पुन्हा वर. डोळे मिटून, कान लावून.

मग माझ्याकडे पाहिलं. लहानपणी डॉक्टरांच्या गाडीचा आरसा फोडला होता, तेव्हाही असं पाहिलं नव्हतं.

"चोवीस दिस," म्हणाले. "चोवीस दिस म्या सोताले गेलेला समजून राह्यलो, अन् तू ताटावर माह्या बाजूले बसून भाकर खाऊन राह्यला."

मी पाया पडलो. पाय मागे घेतले त्यांनी. उतरले, एकटे घरात गेले. रस्ता मध्ये आहे, तो एकट्याने ओलांडला.

९ मे, शुक्र.

माझ्याशी अबोला. पण पहाटे चहा बाबांनी केला. कुसुमला दिला, स्वतः घेतला. माझा कप ओट्यावर झाकून ठेवला होता. गार झालेला प्यालो. साखर रोजच्याइतकीच होती.

१० मे, शनि.

शेडच्या दारात खुर्ची पुन्हा आली. अबोला त्यांनीच मोडला, "टायर पाह्यले का?"

म्हटलं, बाबा, एक तासाचं काम आहे, तुकडा पुन्हा उलटा करून देतो. होतं तसं.

"नाई."

"अहो, तुमच्या हाताला..."

"पुस्तकात हाय ना तसं? मंग तसंच राहू दे. उलटा म्याच बसवला होता. मी शिकतो सुलटा."

शहाऐंशीव्या वर्षी! मी हसलो, ते नाही हसले. तेव्हा कळलं, त्यांना गाडी चालवायची नाहीये. त्यांना बघायचंय. चौदा तारखेची चूक माझी निघाली, पण चोवीस दिवसांत मनात शिरलेली शंका माझ्या कबुलीने पुरती गेलेली नाही. ती त्यांना स्वतःच्या हाताने काढायची आहे.

कुसुमला विचारलं. म्हणाली, रिकाम्या मैदानात, तुम्ही बाजूला, आणि हातब्रेक तुमच्या हातात. तिने एवढी परवानगी दिली हेच पुष्कळ.

१२ मे, सोम. बुद्धपौर्णिमा

विहारातून खीर खाऊन थेट कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानात. सकाळी सात. सहा वेळा गाडी उभी करून पुन्हा पहिला टाकायला लावला. चार वेळा मागे गेली. चौथ्या वेळी दोघेही इतके हसलो की गाडी बंद पडली. "हे लंगडी नाई, खेकडा हाय बे!"

किती दिवसांनी हसले.

१६ मे, शुक्र.

दहांत तीन चुका. दांडी हलवण्याआधी तोंडाने म्हणतात, "आपल्याकडं, मंग खाली." शाळेतल्या पोरासारखं. मी पुढे बघून ऐकत राहतो, खिडकीतून वारा येतो, आणि मला दुसरं काही नको वाटतं. जे केलं ते केलं, पण ते केलं नसतं तर बाबांच्या शेजारी बसून अशा सकाळी मिळाल्या नसत्या. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

२० मे, मंगळ.

काल शून्य चुका. आज शून्य. बोलून दाखवणंही बंद केलं, हात आपोआप खाली जातो. परतताना स्टिअरिंगवर मी, चौकात गौतम दिसला. बाबांनी काच खाली करून, "राम राम, जयभीम, समदं!" गौतम बघतच राहिला. त्याला अजून मी काही सांगितलेलं नाही. बाबांनीही नाही. विचारलं तर म्हणाले, "ते तुह्यं काम हाय." व्हायला हवं ते काम, लिमये यायच्या आत.

२१ मे, बुध.

गौतमला सांगितलं. समितीच्या चार जणांसमोर, मुद्दामच. मग गौतम म्हणाला, "म्हंजे आबाजी बरोबर होते?" म्हटलं, हो. "मंग पुढच्या जयंतीले कोन चालवन?" म्हटलं, ते आबाजी ठरवतील. घरी येऊन कुसुमला हे सांगायची हिंमत झाली नाही, पण तिला कळलं असणार. ताटात भाकरी जरा जोरात पडली.

२२ मे, गुरु.

सकाळी मैदान. बाबा मजेत. पाच वेळा बरोबर. सहाव्यांदा थांबलो, बाबांनी हॉर्न वाजवला, तीनदा. दांडी ओढली आणि वर केली.

गाडी मागे गेली. मी हातब्रेक ओढला.

ते हसले नाहीत. मीही नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. मग शांतपणे विचारलं, "त्या दिसाची चूक तुह्यी होती. हे कोनाची?"

म्हटलं, सवय आहे बाबा, पन्नास वर्षांची.

"का वय?"

मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हीसुद्धा माझीच चूक निघावी. खाली सरपटत जावं आणि एखादा तुकडा उलटा बसलेला सापडावा.

"तुले बी नाई माहीत," बाबा म्हणाले. रागाने नाही. टॉवेलने तोंड पुसलं, किल्ली फिरवली. "चाल. अजून एक डाव."

त्यांनी दांडीवर हात ठेवला. मी मान वळवून मागे पाहिलं. मैदान मोकळं होतं.